रात्रीच्या एसीला दुपारचं ऊन

३० मे २०२४ रोजी नागपुरात ५६ अंश तापमान झालं, अशी बातमी देशभर गेली. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतात उभ्या असलेल्या स्वयंचलित केंद्राने तो आकडा दाखवला होता. सोनेगावच्या केंद्राने ५४ दाखवले. वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेच्या शेतातलं केंद्र आणि रामटेकचं केंद्र मात्र त्याच दिवशी ४४ वर थांबलेली होती. संवेदक बिघडले होते, असं हवामान खात्याने मागाहून स्पष्ट केलं. मला त्या बातमीतली लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. कित्येक नागपूरकरांना तो आकडा खोटा वाटलाच नव्हता. शहराचा खरा विक्रम ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. पण नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत भर दुपारी ज्याने सीताबर्डीत दुचाकी काढली आहे, त्याला ५६ म्हटलं तरी तो मान डोलावतो.

एवढं ऊन फुकट पडतं, तर त्याच्यावरच एसी का चालवू नये, हा प्रश्न इथे कुणालाही सुचतो. आता तो प्रश्न गच्चीवर चढला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती सोलरला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांची सब्सिडी मिळते. या योजनेत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला. मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर, मानेवाडा, कुठल्याही ले-आउटमध्ये उंचावरून पाहा, निळ्या-काळ्या पाट्यांच्या रांगा दिसतात. आणि सोलर बसवणाऱ्या प्रत्येक एजंटच्या तोंडी एक वाक्य असतं: भाऊ, आता बिनधास्त एसी लावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नागपुरात सोलरवरचा एसी परवडतो. पण जाहिरातीत सांगतात त्या कारणाने नाही, आणि एजंट सुचवतो तेवढ्या मोठ्या आकाराचा तर नाहीच.

या शहराने उन्हाळ्याशी आजवर कशी झुंज दिली, ते थोडं पाहू. इंग्रजांनी फारसं डोकं लावलं नाही. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात सरळ पचमढीला निघून जायचं. महाराष्ट्राचं सरकार त्याहून हुशार. नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यावं लागतं, ते सहसा डिसेंबरात घेतात, म्हणजे उन्हाळा काय असतो ते मुंबईच्या मंत्र्याला विधानभवनात बसून कधी कळतच नाही. ज्यांना पळून जाता येत नव्हतं त्यांनी पाण्याचा आधार घेतला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून मिलमध्ये हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसवली गेली. बड्या बंगल्यांच्या दारांत वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांच्यावर दिवसभर पाणी मारायला माणूस ठेवलेला असे.

आजचा लोखंडी कूलर हा त्याच ताटीचा वंशज. तीन बाजूंना जाळी, जाळीत वुडवूलचं गवत, आत पंखा, खाली पाण्याची टाकी आणि एक छोटा पंप. मार्च संपता संपता कूलरचं गवत बदलणं, टाकीला रंग मारणं, पंप फिरतो का बघणं हे कार्यक्रम घरोघरी होतात. या पत्र्याच्या पेटीला गरिबाचा एसी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तिचं भौतिकशास्त्र एकदा बघावं. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून जी उष्णता ओढली जाते, ती जवळजवळ दोन तृतीयांश युनिट विजेइतकी असते. एक टनाचा एसी तासाला ३.५ युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो. तेवढंच काम सव्वापाच लिटर पाणी वाफ होऊन करतं. मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ अंश आणि हवेत दमटपणा दहा-बारा टक्के असेल, तर चांगल्या भिजलेल्या जाळीतून येणारी हवा २७ अंशांच्या आसपास उतरू शकते. अठरा अंशांची ही घसरण दीड-दोनशे वॅटचा पंखा आणि पंप यांच्या जोरावर मिळते. भर दुपारी हॉल थंड करायला नागपुरात कूलरइतकं स्वस्त आणि कार्यक्षम दुसरं यंत्र नाही, आणि हे यंत्र सोलरच्या कितीतरी आधी सूर्यावर चालत होतं. कोरडी हवा ही सूर्याचीच करणी आहे.

त्याचे दोष मात्र खरे आहेत. मोठा कूलर मे महिन्यात तासाला दहा-वीस लिटर पाणी सहज पितो, आणि टाकी भरायचं काम घरातल्या बाईच्या नाहीतर म्हाताऱ्याच्या गळ्यात पडतं. साचलेल्या टाकीत डेंग्यूचे डास वाढतात, म्हणून पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघरी जाऊन कूलर तपासतात. सगळ्यात मोठा दोष म्हणजे मृगाच्या पहिल्या दोन-चार सरी पडल्या की कूलर हात टेकतो. बाहेर ३२ अंश आणि दमटपणा ऐंशी टक्के असला, तर कूलर हवा जेमतेम दोन-अडीच अंशांनी उतरवतो आणि बदल्यात खोलीचा चिखल करतो. जूनचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर, मधूनमधून ऑक्टोबर, या काळात नागपूरकराला जो घाम फुटतो त्यावर कूलरकडे उत्तर नाही. एसीला खरी जागा तिथे आहे, आणि मेच्या रात्रींना आहे, कारण त्या रात्री बाहेर पारा तिशीखाली यायला तयार नसतो आणि डोक्यावरचा स्लॅब तापलेला असतो.

स्लॅबकडे लक्ष द्यायला हवं. नागपुरातली बहुतेक स्वतंत्र घरं एक किंवा दोन मजली, वर सपाट गच्ची, पाच इंचांचं काँक्रीट. दिवसभर ते ऊन पितं आणि तीन-चार तासांनी तीच उष्णता खालच्या खोलीत सोडू लागतं. म्हणजे दुपारी दोनचा भडका संध्याकाळी झोपायच्या खोलीत पोचतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री दहाला एसी लावला, तर पहिला तास-दीड तास तो माणसांसाठी चालतच नाही. छत आणि भिंती थंड करण्यात जातो. म्हणून मी कुणी विचारलं तर एसीच्या आधी गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णतारोधक पांढरा रंग लावायला सांगतो. तो खर्च काही हजारांत जातो. तरी लोक हे करत नाहीत, कारण चुना पाहुण्यांना दाखवता येत नाही.

सोलर बसवल्यावर मात्र एक फायदा न मागता पदरात पडतो, आणि एजंट तो कधी सांगत नाही, कारण तो विकता येत नाही. पाट्यांची सावली गच्चीवर पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी एका इमारतीच्या छतावर घेतलेली मोजमापं २०११ मध्ये प्रसिद्ध केली. पॅनेलखालचं छत उघड्या छतापेक्षा दिवसा अडीच अंशांपर्यंत थंड आढळलं आणि छतातून खाली येणारी उष्णता जवळपास ३८ टक्क्यांनी घटली. तिथलं ऊन नागपूरच्या उन्हापुढे बाळबोध आहे. आपल्याकडे ज्या खोलीत एसी लावायचा तिच्या नेमक्या डोक्यावर पॅनेल येतील अशी मांडणी केली, तर एसीचं काम आधीच हलकं होतं. बसवणारा माणूस मात्र केबल कुठून सोपी जाईल ते बघून जागा ठरवतो. इथे घरमालकाने अडून बसायला हवं.

स्ट्रक्चरच्या उंचीचाही वाद प्रत्येक घरात होतो. घरातल्या बायकांना एप्रिल-मेमध्ये कुरडया, पापड, सांडग्यांच्या वाळवणाला गच्ची मोकळी हवी असते, मुलांना तिथे झोपायचं असतं, म्हणून आठ-दहा फूट उंच सांगाडा मागितला जातो. उंच सांगाड्याखाली हवा खेळते, पॅनेल थोडे कमी तापतात, गच्चीही वापरता येते. पण विदर्भात मे-जूनमध्ये संध्याकाळी जी वावटळ आणि वादळं येतात, त्यात उंच सांगाडा म्हणजे शीडच. लोखंड जाड, पाया स्लॅबच्या बीममध्ये आणि बोल्ट गंजरोधक नसतील तर शंभर-दोनशे किलोंची काच शेजाऱ्याच्या अंगणात. या कामात पैसे वाचवू नयेत.

आता पॅनेलविषयी, कारण नागपूरकराचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, असं वाटतं. पॅनेलला उजेड हवा असतो; उष्णता त्याला मारक असते. पॅनेलवर छापलेले ५४० किंवा ५५० वॅट हे प्रयोगशाळेतल्या २५ अंशांचे असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्याच्या दुपारी नागपुरातल्या पॅनेलची काच आणि आतलं सिलिकॉन ६५ अंशांपुढे जातं, म्हणजे बारा-पंधरा टक्के तिथेच गेले. वर धूळ. कोराडी-खापरखेड्याकडच्या घरांवर राखेचा बारीक थरही. दिवस मोठा आणि आकाश निरभ्र, म्हणून मे महिना तरीही बऱ्यापैकी वीज देतो. पण फेब्रुवारी-मार्चमधला थंड, स्वच्छ दिवस त्याच्या तोडीस तोड ठरतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन बरंच खाली येतं. वर्षभराचा मेळ घालून महावितरण एका किलोवॅटला महिन्याला साधारण १२० युनिट धरते. नागपुरात हा आकडा वास्तवाला धरून आहे. धूळ पहाटे, पॅनेल थंड असताना धुवावी; भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाण्याचा पाइप मारणारे महाभाग मी पाहिले आहेत.

एसीच्या बाजूलाही असंच एक छापील वचन असतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या लेबलवर तारे आणि एक आकडा असतो, त्याला आयएसईईआर म्हणतात. वर्षात सोळाशे तास एसी चालला, बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान राहिलं, तर एका युनिट विजेत किती थंडावा मिळेल, याचं ते गणित. २०२२ च्या जुलैपासून पाच ताऱ्यांसाठी हा आकडा पाच किंवा त्याहून जास्त लागू लागला. तारे दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून दुकानात मागच्या वर्षीचा माल पडला असेल तर ताऱ्यांपेक्षा आकडा वाचावा. गणित ४३ अंशांशी थांबतं, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखं आहे. नागपूरची मेमधली दुपार त्याच्या पुढे सुरू होते. टनाचा आकडासुद्धा बाहेर ३५ अंश धरून ठरवलेला. बाहेर ४५ असताना तोच दीड टनाचा एसी दीड टन थंडावा देत नाही आणि वीज मात्र जास्त खातो. बाहेरचा डबा पश्चिमेच्या उन्हात, गच्चीवर उघडा ठेवला तर विचारूच नका. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत, डब्याभोवती मोकळी हवा, एवढं केलं तरी फरक पडतो. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर येतात, तेही वीज वाचावी म्हणून. अंशागणिक सहा टक्के वीज वाचते असा ब्यूरोचा हिशेब आहे. २६ वर एसी आणि वर पंखा, यात नागपुरातली माणसं गाढ झोपतात. १८ वर लावून चादर पांघरणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

आता मूळ अडचण. एसी चालतो रात्री दहा ते सकाळी सहा. सूर्य मेमध्येही सातच्या आत मावळतो. रात्री बारा वाजता झोपायच्या खोलीत जो ‘सोलर एसी’ घुमतो, त्यात तुमच्या गच्चीवरचा एकही इलेक्ट्रॉन नसतो. दुपारी गच्चीने बनवलेली वीज घराने वापरली ती वापरली, उरलेली शेजाऱ्यांकडे आणि वाटेवरच्या दुकानांकडे गेली. रात्री तुमच्या घरात येते ती बहुतांश कोळशाची. मधे असतो तो नेट मीटर. दिवसा दिलेलं आणि रात्री घेतलेलं यांची वजाबाकी करून तो महिन्याचं बिल काढतो. म्हणून सोलर एसी हे प्रत्यक्षात हिशेबाचं एक खातं आहे, आणि त्याचं मूल्यमापन खात्याच्या नियमांनीच करावं लागतं.

एक सर्वसाधारण घर धरू. फ्रिज, पंखे, टीव्ही, पाण्याची मोटर मिळून महिन्याला १५० युनिट. झोपायच्या खोलीत दीड टनाचा पाच तारे असलेला इन्व्हर्टर एसी, हॉलमध्ये कूलर. आकडे माझ्या अंदाजाचे, प्रत्येकाने आपल्या बिलावरून बदलून घ्यावेत. एसी मेमध्ये रोज सातेक युनिट, महिन्याला २२० खाईल, कूलर ६०. मेचं बिल ४३० युनिटांचं. एप्रिल २९०, जून ३६०, जुलै २४०, ऑगस्ट-सप्टेंबर प्रत्येकी २२०, ऑक्टोबर १८०, बाकी पाच महिने १५०. वर्षाचे २,६९० युनिट, त्यात एकट्या एसीचे साधारण ७५०.

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. २०२४-२५ च्या दरांत वहन आकार धरून पहिल्या शंभर युनिटांना सहा रुपयांच्या आत, १०१ ते ३०० ला साडेअकरांच्या आसपास, ३०१ ते ५०० ला साडेपंधरांच्या वर, आणि त्यावर १६ टक्के वीजशुल्क. पुढच्या वर्षी आकडे थोडे बदलले, चढण तशीच राहिली. एसीचे युनिट नेहमी या चढणीच्या वरच्या टोकाला बसतात. घरातल्या पंख्याची वीज सहा रुपयांची, एसीची बारा ते पंधरा रुपयांची. आणि सोलर वजाबाकी करताना वरून कापतं, म्हणजे सगळ्यात महाग युनिट आधी जातात. सोलर आणि एसी यांचं जमतं ते या टप्प्यांमुळे. टप्पे नसते, सपाट दर असता, तर हेच गणित फिकं पडलं असतं.

या घरावर दोन किलोवॅट बसवले तर एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते मार्च महिन्याला अडीचशेच्या आसपास, पावसाळ्यात १८० धरून वर्षाला २,७९० युनिट निघतात. वापरापेक्षा शंभर जास्त! सोलरशिवाय या घराचं वर्षाचं विजेचं बिल, स्थिर आकार सोडून, २९ हजारांच्या घरात जातं. सोलरनंतर चार हजारांच्या आत येतं. सब्सिडीचे ६० हजार वजा करून उरलेला खर्च तीन-साडेतीन वर्षांत निघतो. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात. सोलरचा इन्व्हर्टर मात्र त्याआधी एकदा तरी बदलावा लागेल हे धरून चाला.

वापरापेक्षा जास्त वीज बनवूनही चार हजार का द्यायचे? कारण खातं दर वर्षी ३१ मार्चला बंद होतं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार आर्थिक वर्षाअखेर खात्यात शिल्लक राहिलेले युनिट महावितरण विकत घेते, तेही तुम्ही त्यांना देता त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या दराने, आणि १ एप्रिलला खातं पुन्हा शून्यावर येतं. आता आपल्या घराचे महिने लावून बघा. ऑक्टोबर ते मार्च थंडी, एसी जवळजवळ बंद, आकाश स्वच्छ. त्या सहा महिन्यांत साठलेले ५७० युनिट ३१ मार्चला कवडीमोलाने गेले. आणि लगेच एप्रिलपासून नागपूर तापायला लागलं. एप्रिल ते सप्टेंबर या घराला ४७० युनिट कमी पडतात, ते पूर्ण दराने विकत घ्यायचे. थंडीत बेगमी करावी आणि पाडव्याच्या सुमारास कोठार रिकामं करावं लागावं, असा हा नियम. मुंबई-पुण्याच्या घराला तो फारसा टोचणार नाही. विदर्भात, जिथे थंडाव्याची वर्षाची निम्मी तहान तीन महिन्यांत लागते, तिथे तो थेट खिशाला लागतो.

एजंट यावर उपाय सांगतो: तीन घ्या, चार घ्या, मे महिन्याचं बिलसुद्धा शून्य करा. तिसऱ्या किलोवॅटचे युनिट बघितले तर त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा उन्हाळ्याची तूट भरून काढतो, उरलेले सगळे ३१ मार्चला पडेल भावात जातात. पहिल्या दोन किलोवॅटचे पैसे तीन-चार वर्षांत निघतात, तिसऱ्याला दुपटीने वेळ लागतो. दोन एसी असतील, विजेवरची गाडी घ्यायची असेल, तर तिसरा-चौथा जरूर घ्या. केवळ शून्य बिलाचा आनंद हवा म्हणून घेऊ नका. त्याच पैशांत गच्चीचा चुना होतो, पश्चिमेच्या खिडकीला छज्जा होतो, आणि तीन ताऱ्यांच्या जागी पाच ताऱ्यांचा एसी येतो. वर्षाला त्यानेच दीड-दोनशे युनिट वाचतात, आणि तेही नेमके तुटीच्या महिन्यांत.

‘सोलर एसी’ असं नाव लावून विकली जाणारी यंत्रंही आहेत. त्यांतला एक प्रकार प्रामाणिक आहे: पॅनेलची डीसी वीज थेट एसीत जाते, कमी पडली तर घरच्या लाइनमधून घेतो. दिवसा चालणाऱ्या जागेला हा ठीक. दवाखाना, शिकवणी वर्ग, बँकेची शाखा, किंवा घरात दुपारभर अंथरुणावर असलेलं वयस्कर माणूस. पण ज्या घरात एसी रात्रीच लागतो, तिथे हे पॅनेल दिवसा ज्याच्यासाठी राबतात तो एसीच बंद असतो. जी मॉडेलं उरलेली वीज घराला किंवा लाइनला देत नाहीत, त्यांचे पॅनेल नोव्हेंबर ते फेब्रुवारी नुसतं ऊन खात बसतात.

दुसऱ्या प्रकारात एसीच्या बाहेरच्या डब्यावर काचेच्या पोकळ नळ्या बसवलेल्या असतात. सूर्याच्या उष्णतेने गॅस आणखी तापवला की कॉम्प्रेसरचं काम कमी होतं, असा दावा करतात. डब्याचं काम उष्णता बाहेर टाकणं आहे. त्याच्या वाटेत आणखी उष्णता घालून वीज कशी वाचेल, ते मला कुणीही समजावून देऊ शकलेलं नाही. यांच्यापासून लांब राहावं.

उष्णतेवर थंडावा बनवण्याची खरी यंत्रं वेगळी असतात. पुण्याच्या थरमॅक्सने गुरुग्रामजवळच्या सौर ऊर्जा केंद्रात २०११ मध्ये शंभर किलोवॅटचं असं शोषण यंत्र उभं केलं होतं. आरसे, गरम पाणी, लिथियम ब्रोमाइड अशा तामझामाचं. इमारतींसाठी त्यात अर्थ आहे. बेसाच्या दोन खोल्यांसाठी नाही. बॅटरीचंही आज तेच म्हणावं लागेल. रात्रीचा एसी बॅटरीवर चालवायचा तर सात-आठ युनिटांची बॅटरी हवी, आणि ४५ अंशांच्या शहरात ती थंड जागी ठेवायची तर तिलाच एसी लागेल. भाव उतरत आहेत, पाच वर्षांनी मत बदलेन.

रुपयांचा हिशेब झाला. कोळशाचा त्याहून अवघड आहे. शहराच्या उत्तरेला दहा-पंधरा किलोमीटरवर कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक केंद्रं उभी आहेत. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच. दुपारी गच्च्यांवरून आलेली वीज त्यांचा भार उतरवते, रात्री एसी लागले की तो पुन्हा चढतो. वार्षिक बेरजेत माझं घर शून्य दिसलं, तरी रात्रीच्या सात युनिटांमागे, देशाच्या सरासरीने युनिटला ०.७ किलो धरून, पाच किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. दुपारी मी तेवढाच वाचवला, हेही खरं. दोन्ही आकडे एकत्र मांडायचे असतात.

पाण्याचंही असंच. कूलर पाणी पितो म्हणून एसी घेतला असं सांगणारे भेटतात. पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. म्हणजे रात्रभर चाललेला एसी वीस-पंचवीस लिटर पाणी पिऊन झोपतो, फक्त ते कोराडीत पितो. त्यातली चांगली बाजू अशी की सरकारी वीजनिर्मिती कंपनी महाजेनको या केंद्रांसाठी नागपूर महापालिकेचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरते. शहराच्या मोरीतून गेलेलं पाणी वीज होऊन झोपायच्या खोलीत परत येतं, ही गोष्ट मला कुठल्याही सोलर जाहिरातीपेक्षा जास्त थक्क करते.

हे सगळं स्वतःची गच्ची असणाऱ्यांचं झालं. फ्लॅटमधल्या माणसाची गच्ची सगळ्यांची असते, म्हणजे कुणाचीच नसते. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, दिव्यांसाठी सोलर बसतं, त्यालाही किलोवॅटमागे १८ हजारांची सब्सिडी आहे. सातव्या मजल्यावरच्या एसीपर्यंत ते पोचत नाही. त्याने चांगले तारे बघावेत, खिडक्यांना बाहेरून सावली करावी आणि खोलीला एक टन पुरत असेल तर दीड घेऊ नये. आणि टिनाच्या पत्र्याखाली राहणाऱ्या नागपूरकराला यातलं काहीच लागू नाही. त्याच्या गल्लीत शेजारच्या चार एसींच्या डब्यांची गरम हवा तेवढी येते. महापालिकेने २०१६ पासून उष्माघाताविरुद्धचे कृती आराखडे केले. त्यांत पत्र्यांना पांढरा रंग देण्याचं काम वस्तीवस्तीत, एजंट सोलर विकतात त्या जोमाने झालं, तर सूर्यघरच्या कुठल्याही घराइतका थंडावा त्या पैशांत मिळेल.

राहिला ३१ मार्च. त्यावर मोर्चा काढावा लागत नाही. आयोग दरांवर आणि विनियमांवर जनसुनावण्या घेतो, हरकती मागवतो. २०२५ मध्ये सोलरची दिवसा बनलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा करू द्यायची की नाही यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला, तेव्हा ग्राहक संघटना तिथे हजर होत्याच. पुढच्या वेळी विदर्भातल्या लोकांनी एवढंच मागावं की घरगुती सोलरचं वार्षिक खातं मार्चऐवजी ३० सप्टेंबरला बंद व्हावं. थंडीतले ५७० युनिट मग उन्हाळ्यातल्या ४७० ला पुरून उरतात, वर सांगितलेल्या घराला दोन किलोवॅटवर विजेचा एक रुपयाही भरावा लागत नाही, आणि महावितरणलाही पडून राहिलेले शंभरच युनिट विकत घ्यावे लागतात.